डोंगरउतारावरची राखेची माती कशी ओळखायची, आणि येऊरची माती त्यात का बसत नाही

रविवारी सकाळी ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर चालायला गेलं की ग्रुपमधलं कोणीतरी हमखास म्हणतंच, अरे सह्याद्री म्हणजे सगळा ज्वालामुखीच, म्हणून तर माती एवढी सुपीक. मीपण दोनतीन वर्षं हेच ज्ञान वाटत फिरायचो. मग बोन्सायचा नाद लागला, ऑनलाइन जपानची अकादामा माती मागवली, पिशवी हातात घेतली आणि पहिला विचार आला की यांनी वजनात मारलं की काय, एवढी हलकी. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला की ज्वालामुखीचा दगड झिजून झालेली माती वेगळी आणि ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती वेगळी, आणि आपण इतकी वर्षं दोन्ही एकाच पोत्यात भरत होतो.

आधी फरक समजून घ्या, नाहीतर पुढच्या टेस्ट नुसत्या मातीत हात घालणं होईल. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरला, त्याचा बेसॉल्ट झाला म्हणजे आपला काळा कातळ, आणि तो झिजून मुरूम आणि माती. राखेच्या मातीचं तसं नसतं. राख म्हणजे चुलीतली राख नव्हे हां, ती असते बारीक काच. स्फोटात वितळलेला खडक हवेतच पटकन थंड होतो, स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. ही काच पाऊसपाण्यात फार लवकर कुजते आणि त्यातून अॅलोफेन, इमोगोलाइट असले सूक्ष्म कण तयार होतात, आतून पोकळ, गोळ्यांसारखे नाहीतर नळ्यांसारखे. राखेच्या मातीचे सगळे चमत्कार या पोकळ कणांचे. माती हलकी, पाणी प्रचंड धरते, पानांचा कुजका माल घट्ट पकडून ठेवते म्हणून वर काळीभोर दिसते, आणि फॉस्फरसपण इतका घट्ट पकडते की झाडाला मिळतच नाही. सुपीक सुपीक म्हणतात त्यातली ही मेख. जपानीत अशा मातीला कुरोबोकू म्हणतात आणि शास्त्रातलं अँडिसॉल हे नावही जपानी शब्दांवरूनच आलंय, अन म्हणजे गडद आणि दो म्हणजे माती. जगातल्या जमिनीपैकी जेमतेम १ टक्का अशी आहे.

आता कामाला लागू. सामान फार नाही: खुरपं, पाण्याची बाटली, १० पट मोठं दाखवणारं भिंग, किचनचा डिजिटल वजनकाटा, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि मोबाईल. एक गोष्ट आधीच सांगतो, येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे खड्डा खणायचा नाही, माती पिशवीत भरून आणायची नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे. तिथे फक्त बघायचं. हात घालायला स्वतःची नाहीतर ओळखीतली जागा शोधा, मुरबाड शहापूरकडे कोणाचं ना कोणाचं शेत असतंच. वेळ म्हणाल तर दसरा दिवाळीच्या आसपास, माती ओलसर असते आणि उतार शांत झालेला असतो. मे महिन्यात कुदळ उड्या मारते. जुलैत तर डोंगरउतारावर माती बघायला जाऊच नका, खाली का ते सांगतोच.

पहिलं काम हाताला चव लावणं. ज्याने राखेची माती कधी चोळलीच नाही त्याला नुसतं वर्णन वाचून काय कळणार, म्हणून मी तीन वाट्या मांडतो. एकीत अकादामा, कारण ती जपानच्या कांतो भागातली खरी राखेची माती आहे आणि ठाण्यात बसून मिळते. दुसरीत घोडबंदर रोडच्या कुठल्याही नर्सरीतली लाल माती, तिसरीत शेतातली काळी. अकादामाचे दाणे खलबत्त्यात बारीक करून घ्या, तिन्हीत थोडंथोडं पाणी घाला आणि अंगठा आणि बोटात चोळा. काळी माती चिकटते, ताणली की लांब पट्टी निघते. लाल माती जरा खरखरीत, पट्टी थोडी निघते आणि तुटते. राखेची माती दाबली की आधी घट्ट वाटते आणि मग एकदम ढिली पडून लोण्यासारखी घसरते, बोटांवर पाणी सुटतं, पण काळ्या मातीसारखी चिकटून राहत नाही. डोंगरावरून ताजी काढलेली माती असेल तर हा प्रकार जोरात दिसतो. अकादामात जरा कमी, कारण ती वाळवलेली असते आणि राखेची माती एकदा कडकडीत वाळली की पुन्हा पहिल्यासारखी भिजतच नाही. हट्टी प्रकार आहे. म्हणूनच तर अकादामाचे दाणे कुंडीत पाणी घालूनही बराच काळ दाणेच राहतात. तेव्हा कधी खरी राखेची माती हाताला लागली तर ती ओली असतानाच तपासा, घरी आणून वाळवून नाही.

दुसरी टेस्ट वजनाची, मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते. पाइपचा आतला व्यास ५ सेमी आणि उंची ५ सेमी असेल तर आत साधारण ९८ घन सेंटीमीटर माती मावते (दुकानदार पाइपचा बाहेरचा व्यास सांगतो, आतला स्वतः मोजा). वरचा पालापाचोळा बाजूला करून पाइप सरळ ठोका, वर लाकडाचा तुकडा ठेवून, आजूबाजूने खणून अलगद काढा आणि दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा. माती स्टीलच्या ताटलीत काढा, पाइपसकट ओव्हनमधे घालू नका, पीव्हीसी मऊ पडतो आणि वास येतो, मी घालून घरच्यांची बोलणी खाल्लेली आहेत. लॅबवाले १०५ अंशाला दिवसभर वाळवतात, आपण दोनतीन दिवस कडक उन्हात पसरून मग ओटीजीत तीन चार तास ठेवलं तरी काम भागतं. मग वजन भागिले ९८. उत्तर ०.९ किंवा त्याच्या खाली आलं, म्हणजे वाळलेली माती ८८ ग्रॅम किंवा त्याहून कमी, तर राखेचा संशय घ्यायला जागा आहे. मुरबाडच्या उतारावरची माझी सव्वाशेच्या आसपास भरली, म्हणजे साधी सरळ दगड झिजलेली माती. आत मुरमाचे खडे असतील तर चाळून त्यांचं वजन आणि आकारमान दोन्ही वजा करा, खडे पाण्याच्या मापात टाकले की आकारमान कळतं. आणि जंगलात अगदी वरच्या दोन बोटांच्या थरात पाला कुजलेला असतो, तो तसाही हलकाच, त्यावरून उड्या मारू नका, हातभर खालचा नमुना घ्या.

तिसरी सोडियम फ्लोराइडची, पुस्तकांत असते. त्याच्या पाण्यात माती टाकायची, दोन मिनिटांनी पीएच ९.४ च्या वर गेला तर अॅलोफेन असण्याची शक्यता. पण ते विष आहे, घरात आणू नका, कॉलेजच्या लॅबमधे कोणी ओळखीचं असेल तर बघा. शिवाय मातीत चुनखडी असली की ही टेस्ट खोटं बोलते, आधी व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फेस आला तर विषयच सोडा.

आता उतार वाचायचा, आणि मजा खरी इथे आहे. राख वरून पडते. म्हणजे खाली काहीही असो, चुनखडक, ग्रॅनाइट, जुनी माती, तिच्यावर गोधडी पांघरल्यासारखा थर बसतो. अमेरिकेत ओरेगनमधे माझामा नावाचा डोंगर सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला, त्या जागी आज क्रेटर लेक आहे, आणि त्याची राख पार वॉशिंग्टन, आयडाहो, मॉन्टानाच्या जंगलांवर पसरली. तिथल्या उतारावर कापलेली बाजू बघितली की वर काळपट थर, मग मऊ, भुसभुशीत, तपकिरी, एकही दगड नसलेला थर, आणि मग अचानक खाली दगडगोट्यांची वेगळीच माती. ही अचानक लागणारी रेघ म्हणजे मोठी खूण. बिनदगडी थर दगडी थरावर पांघरलेला. थर सगळीकडे सारखा मिळत नाही, डोंगराच्या फुगलेल्या नाकाडावरून धुऊन जातो आणि खोलगटात, पायथ्याशी जाड साठतो. सावलीच्या उत्तर बाजूला टिकतो, उन्हाच्या दक्षिण बाजूला झाडी विरळ आणि वणवे जास्त म्हणून पातळ होतो. म्हणून एका खड्ड्यावरून निकाल देऊ नका, खांद्यावर, मधे आणि पायथ्याला असे निदान तीन तरी बघा. भिंगाखाली धारदार, वाकडे, बुडबुड्याच्या फुटक्या कवचासारखे काचेचे तुकडे दिसले तर मग शंकाच नको.

आपल्याकडे हेच बघा कसं दिसतं. आमच्या सोसायटीच्या मागे डोंगर कापलाय (तो कसा कापलाय यावर वेगळं लिहावं लागेल, जाऊदे), तिथे वर हातभर मुळांची माती, खाली मुरूम, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे आणि मग कातळ. सगळं हळूहळू एकातून दुसऱ्यात जातं, खालचाच दगड वर माती झालाय हे डोळ्याला दिसतं. मधेच कुठे दोन लाव्हा थरांच्या सांध्यात तांबडा पट्टा दिसेल, पारसिकच्या किंवा खारघरच्या बाजूला डोंगर कापलेला असेल तिथे शोधा, पावसाळ्यानंतर त्याच्या वरच्या रेघेतून पाणी पाझरत असतं. आता कोणी हुशार म्हणेल की साष्टीच्या, म्हणजे आपल्या मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत लाव्हासोबत टफ म्हणजे राखेचा दगडपण आहे. आहे ना. पण ती राख कधीच दगड झाली, काच कधीच मुरून गेली, आणि वर आठ महिने कोरडे, त्यात अॅलोफेन टिकत नाही, त्याची साधी चिकणमाती होते. हां, महाराष्ट्रात खरी सुटी राख बघायची तर जुन्नरकडे कुकडीच्या काठी बोरी गावाजवळ सापडलीय, सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीची म्हणतात, तिच्या वयावर संशोधकांत अजून भांडण आहे. पण ती नदीकाठच्या गाळात आहे, डोंगरउतारावर नाही.

उतार मोजायला मोबाईलमधलं लेव्हल अॅप पुरतं, फक्त अंश आणि टक्के यांत गल्लत करू नका, ४५ अंश म्हणजे १०० टक्के आणि ३० अंश म्हणजे साधारण ५८ टक्के. राखेची माती कोरडी आणि नुसती ओलसर असताना तीव्र उतारावरही छान उभी राहते, पण ती जी अचानक लागणारी रेघ सांगितली ना, तिथे पाणी अडतं, मुळंही तिथेच आडवी पसरतात, आणि खूप पाऊस किंवा भूकंप आला की वरची गोधडी सरकते. इटलीत सार्नोजवळ ५ मे १९९८ ला व्हेसुव्हियसची राख पांघरलेले चुनखडकाचे डोंगर असेच चिखल होऊन खाली आले, सुमारे १६० माणसं गेली. जपानच्या होक्काइदोत सप्टेंबर २०१८ च्या भूकंपात हजारो ठिकाणी राखेचे आणि प्युमिसचे (ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड) थर घसरले, हिरव्या डोंगरांवर नखांनी ओरबाडल्यासारखं दिसत होतं. आपल्याकडे राख नाही म्हणून निवांत बसायचं कारण नाही, माळीण २०१४ ला आणि आपल्या पनवेलच्या पलीकडचं इर्शाळवाडी जुलै २०२३ ला, दोन्हीकडे डोंगरावरची मातीच खाली आली.

म्हणून तीव्र उतारावर माती बघायला जाल तेव्हा हे आधी बघा: झाडांचे बुंधे खाली वाकून मग वर वळलेत का, म्हणजे माती हळूहळू सरकतेय. उताराला आडवी भेग आहे का. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे नवा झरा फुटलाय का. यातलं एक जरी दिसलं तर खुरपं पिशवीत टाका आणि निघा. येऊरच्या उतारांवर आठ वर्षांनी फुलणारी कारवी दाट आहे तिथे माती बरी धरलेली दिसते, जिथे पायवाटेने कारवी तुडवली तिथे दोन पावसाळ्यांत मुळं उघडी पडतात, हे मी एकाच वळणावर दरवर्षी बघतोय.

राखेच्या मातीवर जायची वेळ आलीच, समजा बालीला बातूरवर चढलात नाहीतर जपानला गेलात, तर ओल्या मातीवर ठरलेली वाट सोडू नका, ती भुसभुशीत माती दबली की पुन्हा फुगायला वर्षानुवर्षं लागतात. माती मात्र तिथेच चोळून बघा आणि तिथेच टाका, बॅगेत भरून आणू नका, परवानगीशिवाय बाहेरची माती आणता येत नाही आणि विमानतळावर काढून घेतील. आणि कुंडीत अकादामा वापरत असाल तर फॉस्फरसचं खत एकदम ओतू नका, माती गिळून बसेल, थोडंथोडं मुळांजवळ द्या. माझ्या जेड प्लांटला पाने यायला लागली ती तेव्हापासून.