कळलावीचं शास्त्रीय चित्र काढायचं तर

सायन्सला गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी जर्नल भरलेलं असतं, आणि बहुतेकांनी ते मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेलं असतं. मी ज्युनिअर कॉलेजात बॉटनीची प्रॅक्टिकलं घ्यायचे. ट्रेमध्ये दुहेरी जास्वंद ठेवली की चोरी लगेच पकडली जायची: समोर पाकळ्यांचा नुसता गुच्छ, आणि जर्नलांत मात्र वर्गभर पाचच पाकळ्या. तेव्हा मार्क कापायची सोय होती. आता हौशी मंडळी चित्रं दाखवायला येतात, त्यांचे मार्क कापता येत नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते.

सरावासाठी मी कळलावी सुचवते. पावसाळ्यात कुंपणांवर आणि झुडपांवर चढलेली दिसते, नर्सरीतही कुंडीत मिळते. रानातली असेल तर कंद उपटायचा नाही. एक फुलणारी फांदी पुरते. झाड विषारी आहे, त्यात कोल्चिसीन नावाचं विष असतं आणि कंदात तर भरपूर. काम झालं की हात साबणाने धुवा. ब्रशला ओठांनी टोक काढायची सवय असेल तर तेवढ्यापुरती तरी मोडा.

सामान फार लागत नाही. २एच आणि एचबी पेन्सिल, जाडसर गुळगुळीत कागद, ट्रेसिंग पेपर, कंपासपेटीतला डिव्हायडर, दहापट दाखवणारं भिंग, नवं ब्लेड, ०.१ आणि ०.३ ची वॉटरप्रूफ काळी पेनं. महागाचे रंग घेण्याआधी भिंग चांगलं घ्या.

फांदी पाण्यात ठेवा आणि पहिला अर्धा तास पेन्सिलला हात लावू नका. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकचं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या उवा-पिसवांच्या थोराड चित्रांचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक १६६५ सालचं. वस्तू वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा पाहून तिचा खरा आकार कळल्याशिवाय आपण चित्राला सुरुवात केली नाही, असं तो प्रस्तावनेत सांगतो. न पाहता काढलं की काय होतं त्याचा नमुना म्हणजे जर्मन चित्रकार ड्यूररचा गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला हा प्राणी गोव्याहून जहाजाने निघाला आणि १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणाचं पत्र आणि एक कच्चं रेखाटन यांवरून न्युरेंबर्गमध्ये बसून त्याने लाकडी ठसा केला आणि गेंड्याच्या मानेमागे एक जादाचं शिंगही बसवलं. चित्र इतकं देखणं की पुढे दोनशेहून अधिक वर्षं लोक ते शिंग इमानाने उतरवत राहिले. थोडक्यात, मागच्या वर्षीचं जर्नल.

सुरुवात फुलापासून करा, पानं थांबतात. कळी हिरवट असते, उमलताना पिवळी होते, मग वरून लाली उतरत जाते आणि शेवटी सगळं फूल लाल, फक्त कडांना आणि बुडाशी पिवळं उरलेलं. म्हणून पहिल्याच दिवशी रंगांची नोंद करून टाका. वनस्पतिचित्रकार फर्डिनांड बाउअर १८०१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा त्याने जवळजवळ हजार छटांना आकडे दिले होते. जागेवर फक्त पेन्सिलीचं रेखाटन, त्यावर बारीक अक्षरात आकडे, आणि रंगकाम पुढे सवडीने, काही चित्रांचं तर कित्येक वर्षांनी. आपल्याला वीस-पंचवीस छटा पुरतात. कागदाच्या पट्टीवर आपल्याच रंगांचे चौकोन करा, त्यांना आकडे द्या आणि रेखाटनावर तेच आकडे टाका. मोबाइलच्या फोटोवर रंगाची भिस्त ठेवू नका, लाल रंगाची तो वाट लावतो.

आता मुख्य काम. कळलावीचं फूल खाली मान घालून लटकतं, पण त्याच्या सहा पाकळ्या मागे, म्हणजे वरच्या दिशेला उलटलेल्या असतात. (शास्त्रात यांना परिदलं म्हणायचं, कारण बाहेरचा हिरवा निदलपुंज आणि आतला रंगीत दलपुंज असा भेद इथे नाही.) सहा पुंकेसर सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले, टोकाला डुलणारे लांबट परागकोश. मध्ये हिरवं अंडाशय. आणि अंडाशयाच्या टोकातून निघाल्या निघाल्या कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीची दांडी, जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळतो. दहातल्या आठ चित्रांत तो सरळ खाली काढलेला असतो, कारण फुलाच्या मधोमध काहीतरी सरळ असतं असं आपण धरूनच चालतो. तो वळल्यामुळेच तीन फाट्यांची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, फुलाच्या मध्यातून बाहेर पडून परागकोशांच्या रांगेत येते. हे वळण चित्रात दिसलं नाही तर बाकीचं कितीही सुंदर असो, ते कळलावीचं चित्र नव्हे.

म्हणून फूल फिरवत राहा आणि कुक्षीवृंत कडेने पूर्ण दिसेल असा कोन पकडा. फूल क्लिपने त्याच कोनात धरून ठेवा. डिव्हायडरने फुलाची उंची आणि रुंदी घ्या, तेवढी चौकट २एचने हलकी आखा, मूळ मापातच. आधी अंडाशय, मग कुक्षीवृंत, मग पुंकेसर, पाकळ्या सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर मधल्या भागाला जागा उरत नाही. तुमच्याकडे वळलेली पाकळी आखूड दिसेल. ती आखूडच काढा. पाकळीच्या कडेच्या लाटा मोजा, अंदाजाने वळवळती रेघ मारू नका. बुडाशी लाटा दाट असतात की टोकाशी, ते समोर दिसतंच आहे.

पानांबद्दल एवढंच की टोकाचा तणावा विसरू नका, त्याच्याच आधाराने वेल चढतो. खालच्या पानांना बऱ्याचदा तो नसतो, तेव्हा दोन्ही प्रकारची पानं दाखवा.

पान किडीने खाल्लं असेल तर? चित्र त्या जातीचं असतं, तुमच्या कुंडीतल्या रोपाचं नाही. भोकं गाळा आणि शेजारचं धड पान पाहून भरून काढा. एक अपवाद मी करते. कळलावीवर काळी, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची अळी सापडते. ती पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाची, जातीच्या नावातच कळलावी आहे. ती मिळाली तर पानासकट काढा. किडे आणि झाडं रंगवणारी चित्रकार मारिया सिबिला मेरियन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला जाऊन राहिली आणि १७०५ साली तिने अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचं खाद्यझाड एकाच पानावर छापलं. टाचणीला टोचलेल्या किड्यांच्या चित्रांपेक्षा मला ती कितीतरी जवळची वाटतात.

मग एक फूल ब्लेडने उघडा. अंडाशयाचा आडवा छेद घेतला की तीन कप्पे दिसतील. तो चौपट मोठा काढा. फळाची जागा मोकळी सोडा, पावसाळा सरल्यावर बोंड फुटून लालभडक बिया दिसतात तेव्हा ती भरता येईल. फूल आणि फळ एकाच कागदावर आलं तर त्यात काही खोटं नाही.

पक्कं चित्र ट्रेस करून चांगल्या कागदावर घ्या आणि शाई लावा. बाहेरची रेघ ०.३ ने, एका दमात. खरवडत नेलेली रेघ लांबूनही कळते. छायेसाठी ठिपके, ०.१ ने, पेन उभं धरून. ठिपका मोठा करायचा नाही, गडद हवं तिथे दाट द्यायचे. उजेड डाव्या वरच्या बाजूने, छेदाच्या चित्रातसुद्धा. रंग देणार असाल तर ठिपके जवळजवळ नकोतच: आधी सगळीकडे पातळ पिवळा, तो खडखडीत वाळला की वरून लाल, कडा सोडून.

छेदाखाली नुसतं ‘चारपट’ असं लिहून भागत नाही, कारण छापताना चित्र लहान झालं की ते खोटं ठरतं. एक सेंटिमीटर दाखवणारी छोटी आडवी पट्टी काढा, ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते.

खाली शास्त्रीय नाव, ग्लोरिओसा सुपर्बा, ठिकाण, तारीख. आणि तुमचं नाव. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्सने १५४२ च्या आपल्या वनस्पतीग्रंथात चित्रकार, चित्रं लाकडावर उतरवणारा आणि कोरणारा अशा तिघांची चेहऱ्यांसकट नावं छापली. त्यानंतर तीनशे वर्षांनी आपल्या पुण्याजवळ, दापोडीच्या सरकारी बागेत तिथला अधीक्षक अलेक्झांडर गिब्सनने एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून झाडांची सुरेख चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. गिब्सनचं नाव सगळ्यांना माहीत, चित्रकाराचं कुणालाच नाही. तेव्हा सही करा, पेन्सिलने नव्हे, शाईने, आणि स्कॅन करताना ती कापली जाणार नाही इतकी आत.