टॅबलेटवर गरब्याचा ठेका बसवताना

नवरात्र तोंडावर आलं की बडोद्यात शिकाऊ मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. टॅबलेट आहे, सिंथ (आवाज घडवणारं वाद्य) आणि सीक्वेन्सर (ठोके आखून वाजवणारं यंत्र) यांची अ‍ॅप्स आहेत, गरब्याच्या वाद्यवृंदात बसायचंय, तर सुरुवात कुठून करायची? बहुतेकांना अ‍ॅपचं नाव हवं असतं. पण खरी अडचण अ‍ॅपची नसते. ही सगळी अ‍ॅप्स उघडताच समोर येतात ती सोळा घरं, चार-चारच्या गटात आखलेली, लय एकशेवीस. आपल्याकडे मात्र गरबा बराचसा सहाच्या चालीत, आरती केरव्यात आणि एखादं पद रूपकात. चौकोनी वहीत दुहेरी ओळीचा कित्ता गिरवावा तसं ते होतं. म्हणून वही आधी आपल्या तालाला आखून घ्यायची, आवाजांचा शोध नंतर.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. आयपॅड असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि पहिले तीन-चार महिने ते पुरतं. सिंथ शिकण्यासाठी ऑडिओकिट सिंथ वन हेही फुकट आहे. अनेक अ‍ॅप्स एकत्र जोडायची वेळ आली की एयूएमसारखं मिक्सर-अ‍ॅप घ्या. त्यात एयूव्ही३, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपच्या आत उघडणाऱ्या, जातीची वाद्यं एकमेकांशेजारी उघडतात. अँड्रॉइडवर एयूव्ही३ नाही, त्यामुळे तिथे सगळं एकाच छताखाली देणारं अ‍ॅप बरं: एफएल स्टुडिओ मोबाइल किंवा क्युबेसिस. कोआला सँपलर दोन्हीकडे चालतं आणि रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांसाठी फार सोयीचं आहे. एक निवडा आणि तेच धरून ठेवा. दर आठवड्याला नवं अ‍ॅप उतरवणाऱ्याच्या हाती वर्षाअखेरीस अर्धवट आठ-आठ मात्रांचे तुकडे राहतात, पुरी चीज एकही नाही.

आता वही आखणं. दादरा घ्या: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा. अ‍ॅपमध्ये हा दोन प्रकारे बसतो, आणि या दोहोंतला फरक न कळल्यामुळे ऐन तालमीत गोंधळ होतो. पहिला प्रकार म्हणजे तालाची मांडणी ६/८ करायची. दुसरा म्हणजे मांडणी ४/४ च ठेवायची आणि घराची लांबी आठव्याची त्रिपट, म्हणजे ट्रिप्लेट, करून घरं बारा ठेवायची. त्या बारा घरांत दादऱ्याची दोन आवर्तनं बसतात.

पहिला प्रकार सरळ वाटतो, पण खोच बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके या आकड्यात, आहे. बऱ्याच अ‍ॅप्समध्ये ६/८ केलं तरी बीपीएम पाव स्वरावर, म्हणजे इथे दोन मात्रांवर एक असाच, मोजला जातो. नाचणाऱ्यांची टाळी मात्र तीन मात्रांवर एक पडते. टाळ्या मिनिटाला शंभर हव्या असतील तर ६/८ मध्ये बीपीएम दीडशे लावावा लागतो. तीच लय ४/४ च्या त्रिपटीत शंभरच राहते. मात्रा दोन्हीकडे २०० मिलिसेकंदांचीच. बदलतो तो फक्त आकडा. एकटे वाजवत असाल तर काही बिघडत नाही. पण एबलटन लिंकने (टॅबलेटांची लय जुळवणाऱ्या सोयीने) दुसऱ्याच्या टॅबलेटशी जुळलात की लिंक आकडा वाटून देतं, चाल नाही. तुमचे दीडशे त्याच्याकडे गेले की त्याचा त्रिपटीतला ठेका दीडपट पळायला लागतो. म्हणून आमचा आग्रह आहे, गरब्यासाठी त्रिपट हाच रस्ता धरा. मेट्रोनोमचा टिकटिक आवाज नेमका टाळीवर येतो, हाही त्याचा फायदा.

तिरकिटसारखे बारीक बोल घालायचे असतील तर बारा घरं अपुरी पडतात. मग सोळाव्याची त्रिपट घ्या आणि घरं चोवीस करा. एक घर १०० मिलिसेकंदांचं होईल, मात्रेला दोन घरं मिळतील.

केरवा सोपा आहे: आठ मात्रा, सोळा घरं, मात्रेला दोन. तीनतालाच्या सोळा मात्रा तर एकेका घरात जशाच्या तशा बसतात. रूपकाला घरं चौदा करा, पण मग बास किंवा पॅडची (लांब धरलेल्या सुरांची) ओळ सोळाचीच राहिली नाही ना, हे आवर्जून पाहा. चौदा आणि सोळा थेट ११२ घरांनंतर समेवर भेटतात. तोवर रूपकाची आठ आवर्तनं होऊन जातात आणि गाणारा कधीच चुकलेला असतो. अ‍ॅपमध्ये प्रत्येक ओळीची लांबी वेगळी ठेवता येते, ही गोष्ट जितकी उपयोगी तितकीच दगा देणारी.

घरं भरण्याआधी ठेका कागदावर लिहा. ज्या गावात सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली आणि त्यांनी आपल्या संगीतासाठी स्वरलेखनाची पद्धत बसवली, तिथे हे वेगळं सांगायला नको. त्याच शाळेची परंपरा आज विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत चालू आहे. टॅबलेटवरचा पियानो रोल म्हणजे शेवटी एक स्वरलिपीच: आडवा काळ, उभा सूर. तबल्याचं वर्षभराचं शिक्षण झालं असेल तर सीक्वेन्सर आठवड्यात हाताखाली येतो. उलट बाजूने मात्र ते होत नाही. त्यामुळे टॅबलेट घेतला तरी तबल्याची शिकवणी सोडू नका.

दादरा बारा घरांत असा बसवा. दायां (उजव्या हाताचा तबला) सगळ्या घरांत. बायां (डग्गा) फक्त धा आणि धी वर, म्हणजे १, २, ४ आणि पुन्हा ७, ८, १० या घरांत. ती आणि ना बायांशिवाय. मग जोर. मिडीत, म्हणजे वाद्यांच्या डिजिटल संकेतभाषेत, ठोक्याचा जोर १ ते १२७ असतो. समेला ११० द्या, चौथ्या मात्रेला ९० च्या आसपास, बाकीच्यांना ५५ ते ७०, आणि दोन आवर्तनांत तेच आकडे पुन्हा वापरू नका. सगळीकडे १०० ठेवून वाजवलेला ठेका यंत्राचा वाटतो. दोष आवाजाचा नसतो, जोर सपाट असतो. तिसरी आणि सहावी मात्रा पाच ते दहा मिलिसेकंद मागे ओढली तर चालीला झोका येतो. ओढणं त्याहून वाढलं की मात्र ठेका लंगडतो.

बायांचा आवाज स्वतः बांधून पाहा, सिंथ कळण्यासाठी याहून चांगला धडा नाही. साधा साइन तरंग घ्या, सूर जी२ (साधारण ९८ हर्ट्झ). पिच एन्व्हेलप (ठोक्यागणिक सूर सरकवणारी सोय) उणे पाच अर्धस्वर, डिके (ओसरायला लागणारा वेळ) १३० मिलिसेकंद. ठोका ७३ हर्ट्झच्या आसपास सुरू होईल आणि वर चढत ९८ वर येईल. ‘गे’ वाजवताना मनगट पुढे दाबलं की सूर जसा वर सरकतो, तोच हा प्रकार. इथे नव्यांची नेहमीची चूक अशी की ते किक ड्रमचा तयार पॅच घेतात. त्यात एन्व्हेलप उणे नव्हे, अधिक असतं, सूर वरून खाली पडतो, आणि बायांऐवजी डिस्कोचा ठोका येतो. अ‍ॅम्प्लिट्यूडचा अटॅक (आवाज चढायचा वेळ) १ मिलिसेकंद, डिके ३५०, सस्टेन (धरून राहणारा आवाज) शून्य. अटॅक अगदी शून्यावर नेलात तर तरंग मधूनच सुरू होऊन टक असा आवाज येऊ शकतो. वाद्य मोनो ठेवा, म्हणजे नवा ठोका आधीच्याला बंद करील, जसा हात करतो. शेवटी थोडं डिस्टॉर्शन. ७३ हर्ट्झ टॅबलेटच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे वरचे अंश लहान स्पीकरवरही बायां असल्याचं सांगतात.

दांडियाच्या टिपऱ्यांसाठी पांढरा नॉइज घ्या, बँडपास फिल्टर अडीच हजार हर्ट्झवर, रेझोनन्स बराच वर, डिके ४० मिलिसेकंद. एकच टिपरी वाजली तर पोकळ वाटते. तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर १२ मिलिसेकंद उशिरा ठेवा, सूर जरासा वेगळा. समोरासमोरच्या दोन रांगांच्या टिपऱ्या कधीही अगदी एका क्षणी पडत नाहीत.

सुरांकडे वळू. गायिका म्हणेल ‘काळी चार’, गायक म्हणेल ‘काळी एक’. सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मध्ये, लिहा आणि शेवटी ट्रान्सपोज करा: काळी एकला अधिक १, काळी चारला अधिक ८ किंवा उणे ४. पण ड्रमचा ट्रॅक यातून वगळा. ड्रममध्ये सुराचा आकडा म्हणजे वाद्य. जनरल मिडीत ३६ म्हणजे बास ड्रम, ३७ म्हणजे साइड स्टिक. पूर्ण गाणं निवडून एकने वर उचललंत की ठेक्याचा तळ जातो आणि काठीचा टकटकाट उरतो.

पेटी सोबत असेल तर पेटी ४४० वर (ए सुराचे हर्ट्झ) असेलच असं धरू नका. आधी पेटीचा सा ट्यूनर अ‍ॅपवर पाहा. ती ४४२ वर निघाली तर सिंथचा फाइन ट्यून जवळपास ८ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर न्या. टॅबलेट वर-खाली करता येतो, पेटी नाही. लांब षड्जावर धरलेल्या पॅडमध्ये गंधार खुपत असेल तर कारण हे: समान सप्तकातला शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. सिंथ वनमध्ये सप्तकाची जुळणी बदलता येते. जिथे तशी सोय नाही तिथे पॅडमधून गंधार काढून टाका आणि सा-पवर राहा. पंचमात फरक दोनच सेंटचा आहे, तो कानाला लागत नाही.

मींडेसाठी सिंथ मोनो आणि लेगाटो, ग्लाइड ६० ते ९० मिलिसेकंद. पिच बेंड बहुधा दोन अर्धस्वरांवर असतो. तो बारावर नेलात तर सीक्वेन्सर आणि सिंथ दोन्हीकडे न्या, नाहीतर लिहिलेली मींड भलत्याच सुरावर जाऊन थांबते.

उशीर, म्हणजे लेटन्सी. बफर (आवाजाचा एका वेळचा साठा) २५६ सँपलचा आणि रेट ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर ५.८ मिलिसेकंद, ५१२ ला ११.६, १०२४ ला २३. बोटांनी वाजवताना २५६ ठेवा. फक्त सीक्वेन्सर चालवायचा असेल तर १०२४ ने प्रोसेसरवरचा ताण कमी होतो. आवाज चरचरायला लागला तर सगळ्यात जड सिंथचा ट्रॅक ऑडिओत उतरवून तो सिंथ बंद करा. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवताना नकोच. त्यातला उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो, म्हणजे वरच्या दादऱ्यात अर्धी मात्रा. तारेचा हेडफोन घ्या. टॅबलेटला त्याची जागा नसेल तर यूएसबी-सीचा अ‍ॅडॅप्टर.

मैदानावर वेगळ्याच गोष्टी नडतात. चार्जर लावून टॅबलेट मिक्सरला जोडला की कधी कधी हम्म असा आवाज धरतो. तो अर्थिंगच्या फेऱ्याचा, ग्राउंड लूपचा, असतो. पूर्ण चार्ज करून बॅटरीवर वाजवा किंवा ग्राउंड लिफ्ट (अर्थिंग तोडायची कळ) असलेला, वाद्य मिक्सरला जोडणारा डीआय बॉक्स मधे घाला. गरब्याच्या मैदानांवर ध्वनियंत्रणा पुष्कळदा मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकच केलेली, असते. डावी-उजवी बाजू उलट फेजमध्ये फुगवून रुंद केलेला पॅड घरी सुंदर वाटतो आणि मैदानात गायब होतो. म्हणून तालमीतच एकदा मोनो करून ऐका, साउंडवाल्यालाही आधी विचारा. आयपॅडसाठी अ‍ॅपलने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची आहे. दुपारच्या तालमीला पत्र्याच्या शेडखाली तो उन्हात ठेवला तर स्क्रीन मंद होते, मग वेग उतरतो. लिंकसाठी मैदानात वायफाय नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो, इंटरनेट लागत नाही. नोटिफिकेशन बंद, आणि आयपॅडवर गायडेड अ‍ॅक्सेस चालू, म्हणजे घाईत बोट लागून अ‍ॅप बंद होणार नाही.

काम कुठे मिळतं? गरब्याची मोठी मंडळी अनोळखी मुलाला नऊ रात्री देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या गणपतीच्या मांडवांत आरतीला, मुलांच्या नाचांना साथ करा, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ट्रॅक बांधा. रेकॉर्डिंगचं काम आलं तर प्रत्येक वाद्य वेगळं द्यायला शिका: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, सगळ्या फाइल एकाच क्षणापासून सुरू, आणि शिखर उणे ६ डेसिबलच्या खाली. स्टिरिओत अशा एका मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात. आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं ७०० एमबीच्या घरात जातं, तेव्हा आधी जागा मोकळी करा. फाइलच्या नावात लय आणि पट्टी लिहा, ‘१०० काळी एक बायां’ असं.

बऱ्याच अ‍ॅप्सची गाणी अ‍ॅपच्या पोटातच असतात. जागा करायला अ‍ॅप काढलं की गाणीही जातात. दर रविवारी प्रोजेक्ट आणि वेव्ह दोन्ही बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि सिस्टिमचं आपोआप होणारं अपडेट गणपतीआधी बंद करा, ते दसऱ्यानंतर चालू करा.