प्रमाणपत्र हातात, क्रेडिट मात्र शून्य: या चुका टाळा

महाविद्यालयाबाहेरचा ऑनलाइन कोर्स पूर्ण, परीक्षा पास, प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये. तरी सत्राच्या गुणपत्रिकेत त्या कोर्सचा मागमूस नाही. ही तक्रार घेऊन विद्यार्थी परीक्षा विभागाच्या खिडकीशी येतो, तेव्हा दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नसतो. चूक बहुधा कोर्स सुरू होण्याआधीच झालेली असते. कोर्स चालवणारी संस्था क्रेडिट (पदवीसाठी अभ्यास मोजण्याचे एकक) देऊ करते, पण ते पदवीत धरायचे की नाही हे तुमचे विद्यापीठ किंवा स्वायत्त महाविद्यालय ठरवते. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एवढी एक गोष्ट विसरल्याने येतात.

आधी कोर्स, मग परवानगी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्वयमवर (केंद्र सरकारचे ऑनलाइन कोर्सचे व्यासपीठ) कोर्स आहे आणि त्यापुढे ‘३ क्रेडिट’ लिहिले आहे, म्हणून तो आपल्याकडे चालेल असे नसते. विद्यापीठाच्या विद्या परिषदेने तो कोर्स मान्य केलेला असावा लागतो, आणि तुमच्या अभ्यासक्रमातल्या नेमक्या कोणत्या विषयाच्या जागी तो धरायचा हेही ठरलेले असावे लागते. नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांकडे किंवा महाविद्यालयाच्या स्वयम समन्वयकाकडे कोर्सचा कोड, आठवडे, क्रेडिट, पाठ्यक्रम आणि परीक्षेची पद्धत असे एक पान घेऊन जा. मंजुरी लेखी घ्या, आणि त्यात ‘अमुक विषयाऐवजी’ हे शब्द आलेच पाहिजेत. तोंडी ‘हो, चालेल’ म्हणणारे प्राध्यापक निकालाच्या वेळी दुसऱ्या विभागात गेलेले असू शकतात.

मंजुरी मागताना दोन गोष्टी स्वतःच तपासून घ्या. पहिली, आशयाची पुनरावृत्ती. दुसऱ्या सत्रात ‘पायथन प्रोग्रॅमिंग’ शिकून झाले असेल, तर त्याच पातळीच्या पायथनच्या कोर्सला पुन्हा क्रेडिट मिळायचे नाही. दुसरी, क्रेडिटची बेरीज. एनपीटेलचे (स्वयमवरचा आयआयटींचा उपक्रम) कोर्स ४, ८ आणि १२ आठवड्यांचे असतात आणि त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ क्रेडिट असतात. तुमचा विषय ४ क्रेडिटचा असेल तर १२ आठवड्यांचा एकच कोर्स करून १ क्रेडिट लोंबकळत राहते. १२ आणि ४ आठवड्यांची जोडी चालेल का, हे मंजुरीच्या वेळीच विचारा. निकालानंतर हे एक क्रेडिट कुठून आणायचे, याला सोपे उत्तर नसते.

तासांचा गोंधळ

‘माझे प्रशिक्षण ३० तासांचे होते, म्हणजे २ क्रेडिट’ असा हिशेब सर्रास मांडला जातो. महाविद्यालयात व्याख्यानाचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट असते, तिथून हा समज येतो. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात मात्र ३० ‘नोशनल’ तासांना १ क्रेडिट आहे. वर्षाचे १,२०० तास, म्हणून ४० क्रेडिट. या ३० तासांत वर्ग, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी असे सगळेच येते. म्हणजे दोन्ही हिशेबांत विरोध नाही. १५ तासांच्या व्याख्यानामागे तेवढाच स्वतःचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. प्रमाणपत्रावर नुसते ‘३० तास’ असतील तर ते वर्गातले की एकूण, हे संस्थेकडून लिहून घ्या.

हजेरीला क्रेडिट नसते

कंपनीने घेतलेले दोन दिवसांचे प्रशिक्षण, वेबिनार, ‘सहभाग प्रमाणपत्र’ हे सगळे रेझ्युमेत शोभते. क्रेडिटसाठी मूल्यमापन लागते: परीक्षा, प्रकल्प किंवा प्रात्यक्षिक चाचणी, आणि तिचे गुण. शुल्क कितीही मोठे असले, संस्था कितीही नामांकित असली, तरी मूल्यमापन नसेल तर मोजायला काही हातात राहत नाही.

व्यावसायिक कौशल्याचा कोर्स निवडताना तो एनएसक्यूएफशी (राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा) जोडलेला आहे का, हे राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत पाहा. तिथे अर्हतेचा कोड, स्तर आणि वैधता दिसते. जाहिरातीत ‘सरकारमान्य’ लिहिलेले असणे आणि नोंदवहीत नाव असणे यांत बरेच अंतर आहे. स्तराकडे तर कुणी बघतच नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात दहावी ३ ऱ्या स्तरावर, बारावी ४ थ्या स्तरावर आणि पदवीचे पहिले वर्ष ४.५ वर येते. दहावीच्या पातळीचा, म्हणजे ३ ऱ्या स्तराचा कोर्स तृतीय वर्षाच्या विषयाऐवजी मागितला तर अभ्यास मंडळ तो नाकारणार, आणि त्यात मंडळाची चूक नाही.

अशा प्रशिक्षणाला पदवीत सहज जागा मिळते ती कौशल्य विषयांच्या गटात. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे असेल, तर नेहमीच्या क्रेडिटखेरीज उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स करावा लागतो. मुख्य विषयाच्या जागी प्रशिक्षण बसवण्यासाठी भांडण्यापेक्षा आधी या जागा पाहाव्यात.

मर्यादा ओलांडणे

२०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रात अभ्यासक्रमात असलेल्या विषयांपैकी जास्तीत जास्त ४० टक्के विषय स्वयममधून घेता येतात. पाच विषय असतील तर दोन. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती, आणि काही ठिकाणी अजून तोच आकडा सांगितला जातो. ४० टक्के ही कमाल आहे, विद्यापीठ त्याहून कमी ठरवू शकते. त्याशिवाय अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (एबीसी, विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था) नियमांनुसार जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात.

नोंदणी फुकट, परीक्षा वेगळी

स्वयमवर नाव नोंदवले की काम झाले, असे समजून अनेक जण परीक्षेच्या अर्जाची मुदत घालवतात. परीक्षेची नोंदणी स्वतंत्र असते, तिचे शुल्क भरावे लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

एनपीटेलमध्ये आणखी एक खाच आहे. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात, आणि दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते: २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. परीक्षेत ६० आणि असाइनमेंटमध्ये ९ पडले, तर बेरीज ६९ होऊनही प्रमाणपत्र नाही. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, म्हणून सुरुवातीच्या एक-दोन हुकल्या तर घाबरायचे कारण नाही. सलग पाच हुकल्या तर मात्र आठातली एक जागा शून्याने भरते.

वेळेचे गणितही जुळवावे लागते. हे कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात आणि निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी लागतो. तोवर महाविद्यालयाचा निकाल लागून गेलेला असू शकतो. शेवटच्या सत्रासाठी असा कोर्स राखून ठेवणे म्हणजे पदवी लांबण्याची जोखीम अंगावर घेणे. एक सत्र आधी उरकावा.

क्रेडिट बँकेत दिसत नाही

प्रमाणपत्र स्वतः अपलोड करायची सोय शोधत बसू नका, ती नसते. अकॅडमिक बँकेत क्रेडिट फक्त संस्थाच जमा करू शकते. न दिसण्याची कारणे या क्रमाने तपासा:

१. परीक्षेच्या अर्जात १२ अंकी अपार (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा एबीसी क्रमांक भरला होता का? बरोबर भरला होता का?
२. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवर, कोर्सच्या खात्यात आणि महाविद्यालयाच्या नोंदीत सारखेच आहे का? आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव आहे की नाही, एवढ्यावरून नोंद अडते.
३. दोन वेगळ्या मोबाइल क्रमांकांवरून डिजिलॉकरची दोन खाती उघडली आहेत का?
४. हे सगळे ठीक असेल तर कोर्स चालवणाऱ्या संस्थेला कोर्सचा कोड आणि परीक्षेचा हंगाम कळवून लेखी विचारणा करा. विद्यापीठात क्रेडिट बँकेचे काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला त्याची प्रत द्या.

जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षे चालते. एकदा एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होते, तेच पुन्हा दुसरीकडे दाखवता येत नाही. महाविद्यालय बदलणार असाल तर दाखला हातात घेण्याआधी बँकेतले खाते उघडून प्रत्येक सत्राची नोंद मोजा. तुम्ही निघून गेल्यावर जुन्या कार्यालयातून राहिलेली नोंद चढवून घेणे फार वेळखाऊ ठरते.