फराळाचं पार्सल पाठवताना आधी टेप, मग काटा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवडाभर आधी मी बेंगळुरूला भाच्याकडे चिवडा आणि शेव पाठवायला निघाले. घरात मिक्सरचा खोका होता. त्यात पिशव्या भरल्या, उरलेल्या जागेत वर्तमानपत्रं कोंबली. इंदुरातल्या आमच्या राजेंद्रनगरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन भरलं ३.२ किलो. कुरिअरच्या काउंटरवर मात्र मुलाने मोजायची टेप लावली, तीन आकडे टाकले आणि पावतीवर आलं साडेसहा किलो. त्याने गणित करून दाखवलं तेव्हा कळलं, निम्म्या वजनाचं भाडं मी नुसत्या कागदांचं आणि हवेचं भरत होते.

इंदुरात घरोघरची मुलं पुण्या-बेंगळुरूला आहेत, दिवाळीत डबे जातातच. म्हणून हे गणित नीट समजावून सांगते.

कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं. दुसरं जागेचं, त्याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. या दोघांपैकी जे जास्त, त्याचं भाडं. माझा खोका ४० × ३२ × २५ होता. गुणाकार ३२,०००, भागिले ५०००, म्हणजे ६.४ किलो. दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात, म्हणून साडेसहा.

यात लबाडी नाही. विमानात किंवा गाडीत जागा ठरलेली असते. हलक्या, फुगीर मालाने ती भरून गेली तर वजन उचलायची ताकद शिल्लक राहूनही पुढचा माल घेता येत नाही. ती अडवलेली जागा आपल्या नावावर लागते.

पहिलं काम: पदार्थ ओळखा

घरातला पाच लिटरचा डबा घ्या. ५००० घन सेंटीमीटर म्हणजे बरोबर पाच लिटर, आणि या हिशेबात पाच लिटरचा एक किलो धरतात. त्या डब्यात पदार्थ न दाबता भरा आणि आतल्या पदार्थाचं वजन करा. किलोपेक्षा कमी भरलं तर तो पदार्थ जागेचं भाडं मागणार, जास्त भरलं तर वजनाचं. पातळ पोह्यांचा चिवडा माझ्याकडे अर्धा किलोच्या आसपास भरतो. बेसनाचे लाडू किलोच्या कितीतरी वर जातात. एकदा करून बघाच, मग कुठलाही पदार्थ हातात घेतला की अंदाज येतो.

दुसरं: जड आणि हलकं एकत्र भरा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. नुसता चिवडा पाठवला की जागेचे पैसे जातात, नुसते लाडू पाठवले की वजनाचे. दोन्ही एका खोक्यात घातले तर लाडवांचं वजन चिवड्याने अडवलेल्या जागेत फुकट बसतं.

समजा खोका बाहेरून ३० × २५ × २० आहे. जागेचं वजन ३ किलो. त्यात एक किलो लाडू, अर्धा किलो शंकरपाळे आणि एक किलो चिवडा घातला, पुठ्ठ्याचे आणि पिशव्यांचे अडीचशे-तीनशे ग्रॅम धरले, तरी काटा तीनच्या आत राहतो. जवळजवळ सगळं भाडं आता खाण्याच्या वस्तूंचं झालं.

लाडू तळाशी, घट्ट झाकणाच्या डब्यात. चकलीसाठी गोल डबा घेतला तर लक्षात ठेवा, चौकोनी खोक्यात गोल डब्याच्या चार कोपऱ्यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा वाया जाते. तिथे मेतकुटाच्या, भाजक्या डाळ्याच्या लहान पिशव्या उभ्या सरकवा. चिवड्याच्या पिशव्या वरून आणि बाजूंनी घाला. कागदाच्या बोळ्यांचं काम त्याच करतात. चकलीभोवती मात्र दोन-तीन सेंटीमीटर मऊ आधार हवाच, तिथे जागा वाचवू नका. फुटलेल्या चकल्या पाहून मुलांचा चेहरा उतरतो, ते फोनवरही कळतं.

तिसरं: खोका मालाएवढा करा

सियागंजाच्या बाजारात किराण्याचे रिकामे खोके मिळतात, पण हव्या त्या मापाचा क्वचितच मिळतो. मग मोठा खोका कापून लहान करायचा. माल भरून झाला की त्याच्यावर दोन सेंटीमीटर सोडून आतून चारही बाजूंना पेन्सिलने खूण करा. माल बाहेर काढा. चारही कोपरे कटरने वरून खुणेपर्यंत उभे चिरा. खुणेवर पट्टी धरून कात्रीची पाठ दाबून ओढा, म्हणजे पुठ्ठा सरळ रेषेत मोडतो. बाजू आत दुमडा, एकमेकींवर जास्त चढत असतील तेवढ्या छाटा, माल परत भरा आणि मधल्या फटीवर व दोन्ही कडांवर चिकटपट्टी लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

चौथं: मोजमाप बाहेरून घ्या

इथे बरेच जण फसतात. खोक्यावर छापलेलं माप अनेकदा आतलं असतं. पुठ्ठ्याची जाडी धरून आतला ३० × २५ × २० बाहेरून ३१ × २६ × २१ निघाला, तर गुणाकार १६,९२६ होतो आणि वजन ३.३९ किलो. म्हणजे साडेतीनचा टप्पा. एकेका सेंटीमीटरने अर्धा किलो वाढवला! झाकण फुगलं तरी तेच, कारण टेप सगळ्यात उंच जागी लागते. ३० × २५ चा खोका मध्ये २३ पर्यंत फुगला की ३.४५ किलो. म्हणून झाकण सपाट बसेल एवढंच भरा.

गुंडाळलेलं चित्र नळीत पाठवताना नळीही चौकोनी खोका धरूनच मोजतात. दहा सेंटीमीटर व्यासाची, मीटरभर लांब नळी दोन किलोची होते, आत अर्धा किलोचाही माल नसताना. गोधडी किंवा स्वेटर हवा काढायच्या पिशवीत दाबून पाठवा, पण पिशवीला भोक नाही ना ते रात्रभर ठेवून बघा. हवा परत शिरली तर खोका फुगतो.

पाचवं: भाजक विचारा

५००० सगळीकडे लागत नाही. विमानाच्या मालवाहतुकीत ६००० चालतो. ट्रान्सपोर्टवाले घनफुटावर जातात: गुणाकाराला २७,००० ने भागून दर घनफुटामागे ठरलेल्या किलोंनी गुणतात. ते १० किलो धरत असतील तर भाजक २७०० झाला, म्हणजे तोच ३० × २५ × २० चा खोका साडेपाच किलोंच्या वर गेला. म्हणून "किलोला काय दर?" एवढ्यावर थांबू नका. "कशाने भागता? टप्पा किती ग्रॅमचा? इंधन अधिभार आणि जीएसटी धरून किती?" हे तिन्ही विचारा आणि मगच दोन ठिकाणचे भाव ताडून बघा.

पहिला टप्पा बहुधा सगळ्यात महाग असतो. एकाच घरी दोन लहान पार्सलं जाणार असतील तर एकच करा.

घरून मसाले, पापड विकणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट जास्तीची. पार्सल बंद झालं की त्याचे चार फोटो काढा: काट्यावरचा आकडा दिसेल असा एक, आणि लांबी, रुंदी, उंचीवर टेप धरून एकेक. पत्त्याची चिठ्ठी प्रत्येकात यायला हवी. पुढे गोदामात मशीनने वजन जास्त दाखवलं आणि कुरिअरकडच्या तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले, तर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात आणि तेव्हा हेच फोटो लागतात.