नव्या सिस्टरसाठी: पेशंटला विचारायचं कसं, ठरवायचं कसं

आमच्या वॉर्डात नव्या आलेल्या मुलींना मी आधी हेच सांगते की नुसतं ‘हो’ म्हणून सुटता येईल असा प्रश्न पेशंटला विचारू नका. ‘आजी, जेवलात ना?’ ‘हो.’ सुरगाण्याहून, पेठहून आलेली आजी सिस्टरला ‘नाही’ कशी म्हणेल? त्यापेक्षा विचारा, ‘आजी, सकाळपासून पोटात काय काय गेलं?’ मग कळतं, आज चतुर्थी आहे, नुसता चहा झालाय आणि नाश्ता सुनेनं खाल्लाय.

आजीला इन्सुलिन द्यायचं असेल तर हे आधी कळायला हवं, उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ शकते. ऑर्डर लिहिलेली असली तरी उपवासाचं डॉक्टरांना कळवा, डोसचं ते ठरवतील. उपवासावरून आजीशी वाद घालू नका, पुढच्या वेळी ती सांगायचीच नाही. घाम, थरथर, बरळणं दिसलं की आधी ग्लुकोमीटर. साखर 70 च्या खाली असेल, पेशंट शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नातेवाईक कितीही मागे लागले तरी. डॉक्टरांना बोलवा आणि शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजची तयारी करा.

द्राक्षबागांची गोडी छाटणी होऊन फवारण्या सुरू झाल्या की दिंडोरी-निफाडकडून वेगळे पेशंट येतात. उलट्या, तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.’ तुम्ही विचारा, ‘काल मळ्यात काय काम होतं? कुठलं औषध मारलं? अंगावरचे कपडे तेच आहेत का?’ डॉक्टरांना लगेच बोलवा, ॲट्रोपिन (अशा विषबाधेवरचा उतारा) हाताशी ठेवा. हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा. औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो घरून मागवा, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. आणि एक नाजूक गोष्ट. औषध फवारताना गेलं की स्वतःहून घेतलं, हे बायको-भावासमोर कोणी सांगत नाही. त्यांना केसपेपर काढायला पाठवा, खुर्ची ओढून बसा, हळू आवाजात थेट विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते खूळ भरत नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. कितीतरी चार्टवर सगळ्यांचा श्वास 20 लिहिलेला असतो, तो बघून माझं डोकं फिरतं. मनगट धरून नाडी मोजतोय असं दाखवा आणि नजर छातीवर ठेवा. आपला श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मोठ्या माणसाचा 12 ते 20 ठीक. 25 च्या वर गेला तर बीपी चांगलं आहे म्हणून सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

रात्री डॉक्टरांना फोन करताना ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. असं बोला: ‘सर, सात नंबर बेड, न्यूमोनियाच्या मावशी. संध्याकाळी श्वास 18 होता, आता 28. सॅच्युरेशन 95 वरून 89 वर आलंय. मला त्या बिघडताहेत असं वाटतं, तुम्ही आत्ता येऊन बघा.’ फोनवर ऑर्डर मिळाली तर औषध, डोस, मार्ग तिथंच परत वाचून दाखवा, वेळ टाकून लिहा. सर चिडले तरी चालेल.