इंजिनचं काम काढायच्या आधी गाडीखाली वाकून बघा

गाडी निळा धूर सोडायला लागली, म्हणजे इंजिन ऑइल जाळायला लागलं, की अख्खा गाव मेस्त्री होतो. टपरीवर चहा ढवळता ढवळता कुणीतरी "रिंगा गेल्या", म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या, असं निदान करतं. शेजारचे काका भंगारात घालायला सांगतात. गॅरेजवाला हात पुसत म्हणतो, "काम काढावं लागेल." म्हणजे इंजिन उतरवून पुन्हा बांधायचं. यातल्या एकानेही गाडीचं काही मोजलेलं नसतं.

मीही एकदा असाच फसलो. माझी जुनी ओमनी सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन निळा धूर सोडायची आणि दोन मिनिटांत शहाणी व्हायची. एका गॅरेजात इंजिन उतरवलं, रिंगा आणि बेअरिंग नवी बसवली, बिल चुकतं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर परत हजर! दोष व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या रबरी टोपीचा होता, आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हातात असूनही ते सील कुणी बदललं नव्हतं. म्हणून आता कुणी विचारलं की मी ठरलेल्या क्रमाने जायला सांगतो. त्या क्रमात इंजिन पहिलं येत नाही.

आधी सांगाडा

घाटावरची गाडी आणि किनाऱ्यावरची गाडी एकाच वर्षाची असली तरी एकाच वयाची नसते. मालवण, देवगड, हर्णै, मुरूड इथे गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी राहते, वर चार महिने पाऊस. इंजिन पुन्हा बांधता येतं. पत्रा सडला की कामाला अंत राहत नाही. त्यामुळे गाडी रॅम्पवर चढवा, खालून धुऊन घ्या आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा. दाराखालचे उंबरठे, फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्ट होतं त्या जागा दाबून बघा. वरवरचा गंज खरवडला तर खाली धड लोखंड लागतं, तो चालेल. टोक आत घुसलं किंवा पापुद्रे निघत राहिले, तर इंजिनचा विचार तिथेच थांबवा. ब्रेकचे लोखंडी पाइपही बघा. खालून नुकताच काळा कुळकुळीत कोट मारलेला दिसला तर मी खूश होत नाही, उलट जास्त जोरात दाबून बघतो.

गाडी चिपळूण परिसरातली असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे होती हे विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. वाळलेला गाळ तिथे बरीच वर्षं टिकतो. पाण्यात बुडालेलं इंजिन कुणी तसंच स्टार्ट करून पाहिलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, किंचित वाकलेला असू शकतो. ती गोष्ट पुढे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजताना उपयोगी पडेल.

कागदही याच वेळी काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० झालं. मुदत जवळ आली असेल तर हा खर्च इंजिनच्या हिशेबात धरा.

मग स्वस्तातली कारणं

"पिकअप नाही" म्हणून आलेली प्रत्येक गाडी इंजिनने मेलेली नसते. घसरणारी क्लच प्लेट, अडकून बसलेला ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर, डिझेलचे खराब इंजेक्टर यांनीही गाडी चढाला रडते. डिझेलचा निळा धूर टर्बोच्या सीलमधूनही येऊ शकतो.

एअर फिल्टरचा डबा उघडून फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. चिरेखाणीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीत बोटाला तांबडी धूळ लागली, तर इंजिन का झिजलं याचं उत्तर मिळालं. ही धूळ सिलिंडरच्या भिंती पॉलिश पेपरसारखी घासते. डब्याचं झाकण किंवा पाइप नीट न करता नव्या रिंगा बसवल्या तर त्याही तशाच जातील.

रेडिएटरचंही तेच. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी कूलंटच्या जागी ओतलेलं असतं. त्याने रेडिएटर क्षारांनी तुंबतो आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून कुरतडलं जातं. गाडी गरम होते म्हणून इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा थर्मोस्टॅटच काढून टाकायची एक खोडही आहे. मग इंजिन कधी धड तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते.

घाटात न्या

तपासणीचं सर्वांत चांगलं यंत्र आपल्याकडे फुकट आहे. आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली, जो जवळ असेल तो घाट घ्या. कशेडीला बोगद्यातून गेलात तर परीक्षा हुकली, जुन्या रस्त्याने जा. मागे दुसरी गाडी घेऊन कुणाला तरी बघत यायला सांगा. शक्य नसेल तर आरशात लक्ष ठेवा.

चढाला, गाडीवर ताण असताना सलग निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. उताराला पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडा. पेट्रोल इंजिनात त्या वेळी आत जोराची ओढ तयार होते आणि ती सैल व्हॉल्व्ह गाइड-सीलमधून ऑइल खेचते. खाली येऊन पुन्हा पाय दिला की निळा ढग सुटला, तर दोष वरच्या भागात, हेडमध्ये असण्याची शक्यता जास्त. माझ्या ओमनीचा दोषही तिथलाच होता. मी तिला घाटात नेऊन पाहिलं असतं तर इंजिन उतरवलं नसतं.

काळा धूर म्हणजे जास्तीचं इंधन. पांढरा मात्र सांभाळून वाचा. श्रावणातल्या दमट सकाळी सायलेन्सरमधून वाफ येणारच. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, त्याला गोडसर वास आहे आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) किंवा हेड गेलंय.

परत आल्यावर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी फुरफुर चालते. वाफेच्या इंजिनासारखे धुराचे भपकारे येत असतील तर मेस्त्री ज्याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात ते हेच. दाब रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. झाकणाच्या आत पिवळट मलई दिसली तर लगेच घाबरू नका. घर ते बाजार, बाजार ते जेटी एवढंच फिरणाऱ्या गाडीत दमट हवेचं पाणी तिथे जमतं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र कूलंट आत जातंय.

आणि एक वही करा. सपाट जागेवर, थंड इंजिनवर डिपस्टिक बघून ऑइल कुठपर्यंत आहे आणि किलोमीटर किती, हे महिनाभर लिहा. हजार किलोमीटरला लिटरभर किंवा त्याहून जास्त ऑइल जात असेल तर इंजिन खरंच खातंय. त्याच्या बरंच खाली असेल आणि पिकअप ठीक असेल, तर ऑइल भरत दोन वर्षं काढणं हा मला तरी अजिबात कमीपणा वाटत नाही.

कॉम्प्रेशन मोजा

गेज लावून मोजल्याशिवाय कुणालाही इंजिन उतरवू देऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले हवेत, इग्निशन आणि इंधन तोडलेलं हवं आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. मेस्त्री एकच प्लग काढून मोजायला लागला तर आकडा खोटा येईल.

बहुतेक पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआयच्या आसपास आकडा येतो; नेमकी मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा-बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट. पुरातल्या गाडीचा एकच सिलिंडर कमी दाखवत असेल आणि ऑइल घालूनही फारसा फरक पडत नसेल, तर वाकलेला रॉड विसरू नका. डिझेलला ऑइल घालायचा हा प्रयोग करू नका.

आवाजाचं थोडक्यात. वरून हलकी टकटक बहुधा टॅपेटची असते, तिच्यावर घर विकायची गरज नाही. खालून, ताणाखाली येणारी जड ठकठक आणि गरम झाल्यावर मिणमिणणारा ऑइलचा लाल दिवा, ही जोडी दिसली तर बेअरिंग गेलंय. दिव्यावर न थांबता साधं ऑइल प्रेशर गेज लावून खात्री करा आणि तोवर गाडी चालवू नका.

आता हिशेब

समजा, तुमच्या मॉडेलची धड गाडी सव्वा लाखाला जाते आणि अशी धूर मारणारी सत्तर हजारांना. मेस्त्रीने काम पंचेचाळीस हजार सांगितलं. दिसायला दहा हजारांचा फायदा. पण इंजिन खाली आल्यावर क्लच प्लेट, होज, माउंटिंग, वॉटर पंप, रेडिएटरची सफाई यातलं काही ना काही निघतंच. मी सांगितलेल्या रकमेवर चौथा हिस्सा आधीच चढवून ठेवतो, म्हणजे फायदा संपला. विकायची असेल तर काम करू नका, दोष सांगून कमी किमतीत द्या.

ठेवायची असेल तर तुलना वेगळी होते. हातातली गाडी अधिक इंजिनचा खर्च एवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी मिळेल, पण तिच्या खाली तुम्ही अजून वाकलेला नाहीत. पत्रा धड, कागद धड आणि आणखी चार-पाच वर्षं वापरायची असेल, तर माझं मत इंजिन बांधण्याच्या बाजूने पडतं. अट एकच, पार्ट मिळाले पाहिजेत. ८०० किंवा ओमनीच्या ७९६ सीसी इंजिनाला, स्विफ्ट ते इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेल्या १२४८ सीसी डिझेलला पार्टची ददात नाही. शेव्हरोलेने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अशा गाड्यांना आधी पिस्टन-रिंगा मिळतात का ते बघा, मग इंजिन उतरवा.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून इंजिन आणून बसवायचा सल्लाही मिळेल. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून देत असतील तरच विचार करा, आणि ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो हे लक्षात ठेवा. त्याची पावती घ्या, आरटीओत नोंद करा, विमा कंपनीला कळवा.

काम द्यायचं ठरलं तर

"रिंगा बदलू, बास" याला लगेच हो म्हणू नका. लेथवाल्याकडून बोअर मापून घ्या, वर किती, खाली किती, गोलाई सुटलीय का. बोअर मर्यादेत असेल तर होनिंग करून, म्हणजे आतली भिंत हलकी घासून, रिंगा चालतील. घासलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा हा पैशाचा चुराडा आहे. तिथे बोअरिंग, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करणं, आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने मोठा, ओव्हरसाइज पिस्टन. तुमच्या इंजिनाला ओव्हरसाइज मिळतच नसेल तर तेही आधीच कळेल. हेडची सपाटी तपासा आणि व्हॉल्व्ह सील नवीच घाला, हे बिलात लिहून घ्या. जुने पार्ट परत मागा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच बोअरिंगची कामं कोल्हापूरला जातात. गणपतीच्या तोंडावर इंजिन उतरवलंत तर चाकरमान्यांच्या गाड्यांनी गॅरेज भरलेलं आणि तुमचा ब्लॉक घाटापलीकडे, असं होऊन बसतं. उन्हाळ्याआधी किंवा दिवाळीनंतर द्या.

पहिल्या स्टार्टआधी इग्निशन तोडून स्टार्टर थोडा थोडा फिरवून ऑइलचा दिवा विझू द्या. नंतर गाडी तासभर आयडलवर ठेवण्यापेक्षा रस्त्यावर काढा. पहिले हजार किलोमीटर कमीजास्त वेगाने, पूर्ण पाय न दाबता चालवा. हापूसच्या पेट्या भरून पहिलीच फेरी वाशीला नको. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून उन्हात बघा. बारीक चकचकीत पूड दिसेल, ती चालते. नखाला लागतील असे कपचे दिसले तर फडकं तसंच गुंडाळा आणि बिलासकट गॅरेजला जा.