छोटं आरसी (रिमोट कंट्रोलचं) हेलिकॉप्टर उडवायला शिकायचंय? मग हॉलमधूनच सुरुवात करा

पहिलंच हेलिकॉप्टर घेताय तर ते हवेत कोलांट्या मारणारं सहा चॅनलचं नको (चॅनल म्हणजे रिमोटवरून वेगळं सांभाळायचं एकेक नियंत्रण). व्हिडिओ बघून मोह होतोच, पण ते एका जागी स्थिर धरायलाच महिने जातात आणि तोवर निम्मे पैसे पार्टमध्ये जातात. कोअ‍ॅक्सियल घ्या, म्हणजे एकावर एक दोन पंखेवालं. एक इकडून फिरतो, दुसरा उलटा, त्यामुळे बॉडी स्वतःभोवती गरगरत नाही. वर टोकांना वजनं लावलेली एक आडवी दांडी असते तिला फ्लायबार म्हणतात, हेलिकॉप्टर कललं की ती त्याला बरंचसं सावरून घेते. सायमा एस१०७ हे त्यातलं एकदम प्रसिद्ध मॉडेल, ३ चॅनल, वर-खाली, वळणं, पुढे-मागे, बस. आडवं सरकत नाही आणि शिकताना ते बरंच असतं. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे उन्हात गंडतो, गच्चीवर न्यायच्या भानगडीत पडू नका, तिथे साधी झुळूकसुद्धा त्याला उचलून शेजाऱ्यांकडे नेते.

उडवायच्या आधी सीलिंग फॅन बंद, खिडक्या बंद, लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. शेपूट आपल्याकडे, तोंड पलीकडे, असंच ठेवायचं, कारण तेव्हा रिमोटचं डावं ते हेलिकॉप्टरचंही डावं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन माणूस घाबरून थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा वेग वाढवणारी रिमोटवरची दांडी, अगदी थोडा देतो, हेलिकॉप्टर फरशीपासून वीतभर उचलतं आणि तिथेच हेलकावे खात सोफ्याखाली जातं. तुमचा हात वाईट आहे असं नाही, पंख्याने खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून पसरते, त्या खळबळीत ते स्थिर राहूच शकत नाही. म्हणून थ्रॉटल झटका न देता पण न थांबता वाढवत न्या, कमरेइतकं वर आलं की किंचित कमी करा, आणि मग बघा, ते आपोआप शांत होतं. पहिल्यांदा असं डोळ्यासमोर तरंगत थांबतं ना, तो आनंद काही औरच!

स्वतःहून एका बाजूला वळत असेल तर रिमोटवरचं ट्रिम, म्हणजे असा कल सुधारायचं बटण, उलट्या बाजूला थोडं थोडं दाबत जा. आणि आपटणार असं वाटलं की आधी थ्रॉटल शून्य, मग बाकी सगळं. अडकलेला पंखा फिरवत राहिलात तर गिअरचे दात जातात नाहीतर मोटर जळते.

चार-पाच बॅटऱ्या संपेपर्यंत फक्त एका जागी धरायचं, बाकी काही नाही. मग तोंड थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंड आपल्याकडे. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, डोकं चक्रावतं, आपण आत पायलटच्या सीटवर बसलोय असं समजायचं, सवय होते.

बॅटरी लहान असते, एस१०७ ची १५० एमएएच, उडणं ६ ते ८ मिनिटं. उडवून झाल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, १० मिनिटं गार होऊ दे. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगलेली दिसली तर पुन्हा चार्ज करायचीच नाही, आणि चार्जिंग कधीही गादीवर किंवा रात्री झोपताना लावून ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतोय.

चार-सहा दिवसांनी वर उचलताना जोर कमी वाटायला लागला तर बॅटरीला दोष देण्याआधी पंख्याच्या दांड्याकडे नीट बघा, घरातले लांब केस तिथे गुंडाळले गेलेले असतात. टॉर्च धरा, चिमट्याने हळूहळू सोडवा. पाती वाकली असतील तर जोडीनेच बदला, आणि वरची खाली लावू नका, दोन्हींचा पीळ उलटा असतो.

हे हातात बसलं की मग एका पंख्याचं ४ चॅनलवालं, डब्ल्यूएलटॉईज व्ही९११ सारखं घ्या. त्याचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो, म्हणजे उजेडाची अडचण नाही, पण ते आडवंही सरकतं, सो पहिल्या दिवशी पुन्हा शेपूट आपल्याकडे करून कमरेइतक्या उंचीवर फक्त धरून ठेवायचं.